त्रेचाळिसावी नोंद

शनिवार, १ फेब्रुवारी. सकाळी अकरा.

उपस्थित: पादरीसाहेब. नगरहून आलेला भाचा आणि त्याची बायको. चर्चच्या मंडळीतले तीसेक जण. आमच्या मराठी मंडळाचे अकरा सभासद, मी धरून. चर्चचा चौकीदार. चर्चचा माळी, जो तीन आठवड्यांच्या रजेनंतर त्याच सकाळी आमेरच्या पलीकडच्या गावातून बसनं आला होता.

सिस्टर स्वतः पेटीत होत्या. त्यांना उपस्थितांत धरायचं की नाही हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. वहीत ती ओळ अजून कोरी आहे.

हजेरी घेणं हे माझं काम. जयपूरच्या मराठी मंडळाची मी नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. कुणाची बँकेतून बदली होते, कुणी फौजेतून निवृत्त होऊन इथेच राहतं, माणसं येतात आणि जातात. हजेरी नसेल तर पुढच्या कार्यक्रमाला साबुदाणा किती भिजवायचा हेसुद्धा कळत नाही. मी नाव पुकारते, लोक 'हजर' म्हणतात. इथेच वाढलेली मुलं 'प्रेझेंट' म्हणतात. सिस्टर मात्र आधी उजव्या हाताची तीन बोटं स्वतःच्याच डाव्या मनगटावर ठेवायच्या, पेशंटची नाडी बघावी तशी. क्षणभर थांबायच्या, खात्री झाल्यासारखी मान हलवायच्या आणि मग म्हणायच्या, "हजर. कृपेनं."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सगळी सभा हसली होती. मी म्हटलं, "सिस्टर, माझ्या वहीत कृपेचा रकाना नाही."

"नसणारच," त्या म्हणाल्या. "तो तुला भरता यायचा नाही."

नाव लिहीत नाही. नावानं त्यांना कुणी हाकही मारत नसे. चाळीस वर्षं त्या लष्करी इस्पितळात नर्स होत्या, शेवटची काही वर्षं मेट्रन. निवृत्तीनंतर खातीपुऱ्यात दोन खोल्यांचं घर बांधलं, तरी सगळ्या गल्लीच्या त्या सिस्टरच राहिल्या. भाजीवाल्याच्याही सिस्टरजी. माहेर नगर जिल्ह्यातलं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर आणि रविवारी उपदेशक. घरात मराठी भजनं, मराठी शास्त्र म्हणजे बायबल, आणि खूप कडक शिस्त. पांढरी किंवा फिकट साडी, केसांची घट्ट गाठ, पायांत कापडी बूट. त्या चालत आल्या की आधी पावलांचा आवाज यायचा आणि मग सूचना: "खिडकी उघडा. पेशंटला हवा लागते."

त्यांच्या दृष्टीनं आम्ही सगळे पेशंट होतो. काही अ‍ॅडमिट, काही ओपीडीचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती दिवसभर दुसऱ्यांसाठी राबतात आणि कौतुक केलं तर रागावतात. सिस्टर रोज सकाळी पिशवी घेऊन निघायच्या. कोपऱ्यावरच्या आजोबांचं इन्सुलिन, मागच्या गल्लीतल्या बाईच्या पायाचं ड्रेसिंग, नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीला बाळ कसं धरायचं ते दाखवणं. एकदा मी म्हटलं, "सिस्टर, तुमचं स्वर्गातलं रिझर्वेशन केव्हाच पक्कं झालं असेल."

त्या रस्त्यातच थांबल्या. पुढे रिक्षा, मागे रिक्षा, दोघेही हॉर्न वाजवताहेत.

"हे बघ सेक्रेटरी," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन पेशंटनं कमावलेलं असतं का? नाही. ते त्याला मिळतं. ती कृपा. त्यानं फक्त दंड पुढे करायचा. तो विश्वास. आणि औषध लागू पडलं की उठून चालायचं. ती कृत्यं. मी जे करते ते चालणं आहे. चालण्यानं कुणी औषधाची किंमत फेडत नसतं. कळलं?"

"कळलं. आपण आधी फुटपाथवर येऊ."

"आणि तुझ्या त्या याद्या घेऊन वर जाऊ नकोस. तिथे कागद बघणारं टेबलच नाही."

हा टोमणा मला होता. मी विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर आहे, बरीच वर्षं. कागद पूर्ण असल्याशिवाय माझ्याकडून फाइल पुढे जात नाही. लोक यावरून मला नावं ठेवतात, पण माझ्या हातून चुकीचा क्लेमही कधी गेलेला नाही.

आता सुभेदारांविषयी सांगायला हवं, कारण सिस्टरांची सगळी गोष्ट तिथेच अडली होती.

सुभेदार म्हणजे सिस्टरांचे यजमान. सातारा जिल्ह्यातले, हिंदू, फौजेच्या इंजिनिअर तुकडीतून निवृत्त झालेले. इस्पितळात तुटलेला पाय घेऊन आले आणि लग्न ठरवूनच बाहेर पडले. दोन्ही घरांनी दारं बंद केली, ती बरीच वर्षं उघडली नाहीत. मूलबाळ झालं नाही. लग्नाच्या वेळी ठरलं होतं की कुणी कुणाला बदलायचं नाही. सिस्टरांनी कुंकू लावलं नाही आणि सुभेदारांनी बाप्तिस्मा घेतला नाही.

पण दर रविवारी सकाळी ते सिस्टरांना स्कूटरवरून चर्चला सोडायचे, फाटकाबाहेर कडुलिंबाखाली स्कूटर लावायचे आणि उपासना संपेपर्यंत तिथेच बसायचे. ऊन असो, जानेवारीतलं धुकं असो. आत या, असं तीन पादऱ्यांनी सांगून पाहिलं. सुभेदार टोपी काढून म्हणायचे, "आत तिचा देव. भाईर माझी ड्यूटी."

चर्चचं छत गळायला लागलं तेव्हा तेच शिडीवर चढले. मोऱ्या, नळ, खिडक्यांची तावदानं, घंटेचा दोर, सगळं त्यांनीच नीट केलं. मंगळवारी चर्च रिकामं असतं, म्हणून मंगळवारी हत्यारांची पेटी घेऊन जायचे. रविवारी मात्र कडुलिंबाखाली.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. बाहेरच्या ओट्यावर बसून शेजाऱ्याचा कूलर दुरुस्त करत होते आणि तिथेच कलंडले. सिस्टर आतून धावत आल्या, छातीवर दाब देत राहिल्या. अर्धा तास. अँब्युलन्सवाल्यांनी हात धरून बाजूला केलं तेव्हा थांबल्या. सुभेदारांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं. सिस्टर स्मशानात एका बाजूला उभ्या राहिल्या, दोन्ही हात पदरात गुंडाळून.

नंतरच्या रविवारी त्या ई-रिक्षानं चर्चला गेल्या. रिक्षावाला फाटकात थांबायला लागला तर म्हणाल्या, "भैया, जरा आगे. उस नीम के नीचे." तेव्हापासून ती जागा कुणी घेत नाही. मंडळीतले लोक आपल्या गाड्या दूर लावतात.

मंडळाच्या सभेला त्या येत राहिल्या. मनगटावर तीन बोटं, "हजर. कृपेनं." पण आवाज खाली आला होता. माझ्यासारखीच्याही लक्षात आलं, म्हणजे बघा.

एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. दिवाळीच्या फराळाची यादी करायची होती, कोण चकल्या आणणार, कोण शेव. सिस्टर चहा ढवळत होत्या. एकदम म्हणाल्या, "मी पादरीसाहेबांना विचारलं."

"काय?"

"आमचे सुभेदार कुठे आहेत ते."

मी पेन खाली ठेवलं.

"तरुण आहे पोरगा. घाबरला. मला म्हणाला, सिस्टरजी, जितना मुझे सिखाया गया है, उद्धार विश्वास से है. आगे मैं नहीं जानता, और जो नहीं जानता वह बोलूँगा नहीं." त्यांनी गॅस बारीक केला. "चांगला आहे. खोटं बोलला नाही. दुसऱ्या कुणी थोपटलं असतं मला."

"सिस्टर, पण सुभेदारांनी एवढं केलं..."

"कृत्यांनी होत नाही गं. हे मीच शिकवलं ना चर्चमधल्या मुलांना, दर रविवारी, इतकी वर्षं. औषध होतं, मोफत होतं, शेजारीच होतं. ह्यांनी दंड पुढे केला नाही." आणि मग, चहाकडेच बघत, "मला तिकडे जायचंय. पण तिथे हे नसले, तर मी भांडू कुणाशी?"

मला धर्मातलं काही कळत नाही. घरी गणपती बसतो, मी आरत्यांची वही सांभाळते, एवढंच. पण एखादा क्लेम अडकला की तो कुठून सुटेल हे शोधायची मला सवय आहे. मी म्हटलं, "सिस्टर, एक विचारू? बेशुद्ध पेशंट आला तर?"

"म्हणजे?"

"तो दंड पुढे कसा करणार? त्याला इंजेक्शन देत नाही का?"

"देतो. त्याला आधी देतो."

"आणि ऑपरेशन असेल तर फॉर्मवर सही कोण करतं?"

"जवळचा नातेवाईक," त्या म्हणाल्या. बोलून गेल्या आणि त्यांचा चमचा थांबला. चहा उतू जाऊन गॅस विझला. मी उठून बटण बंद केलं. मग त्यांनी फडकं घेतलं आणि ओटा पुसत म्हणाल्या, "तू फार बोलतेस. चकल्या कोण आणणार ते लिही."

आठवड्यानं त्या माझ्या ऑफिसात आल्या. ऑफिसात त्या कधीच येत नसत. क्लेमवाल्यांच्या रांगेत बसून राहिल्या, नंबर आल्यावर समोर आल्या.

"जवळचा नातेवाईक सही करतो म्हणालीस ना."

"तुम्ही म्हणालात."

"पण सही करायला कागद लागतो." त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. "तू याद्या चांगल्या करतेस. मला एक करून दे. ह्यांनी काय काय केलं त्याची. माझ्या पेटीत ठेव, माझ्या हाताखाली. मला माहीत आहे, यादीनं काही होत नाही. मी काही यादी दाखवून भांडणार नाही. पण ह्यांच्याबद्दल बोलायला रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

मी हो म्हटलं. माझ्या जन्मात मला कुणी एवढं मोठं काम दिलेलं नव्हतं.

"आणि एक," त्या दारातून वळून म्हणाल्या. "ऐकीव काही नको. माझं सांगणं नको, मी बायको आहे. दोन माणसांनी डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढंच लिही. तिथे खोटं चालत नाही."

मी कामाला लागले. तीन रकाने आखले: काम, कोणासाठी, साक्षीदार. ऑफिस सुटल्यावर रोज एक-दोन माणसं. खातीपुऱ्यात मी इतकी फिरले की कुत्री ओळखायला लागली. शेजारच्या मुलीनं सांगितलं, बोर्डाच्या परीक्षेत बसचा संप होता, सुभेदारांनी रोज सेंटरला सोडलं आणि पेपर संपेपर्यंत बाहेर बसून राहिले. नोंद सात. उन्हाळ्यात ते गल्लीतल्या प्रत्येक झाडाला परिंडे टांगायचे, पाखरांसाठी पाण्याची मातीची भांडी. नोंद अकरा. 'कोणासाठी' या रकान्यात मी 'पाखरं' लिहिलं आणि साक्षीदार म्हणून दोन बायका मिळाल्या. साथीच्या दिवसांत एका घरी तिरडीला खांदा द्यायला कुणी जाईना, तेव्हा सुभेदार आपल्या जुन्या रेनकोटात गेले. नोंद एकोणीस. त्या घरातला माणूस सांगताना रडला, मी थांबले, मग विचारलं, "अजून कुणी पाहिलं होतं का?" मला स्वतःचीच लाज वाटली. पण नियम सिस्टरांचा होता.

दूधवाला म्हणाला, "साब ने मुझे दो बार डाँटा भी था, पानी मिलाने पर. वह भी लिखो."

"यह अच्छे काम में आएगा?"

"आएगा जी. तब से मिलाया नहीं." नोंद तेवीस. दुसरी साक्षीदार त्याची बायको.

संक्रांतीपर्यंत बेचाळीस नोंदी झाल्या. मग मी चर्चच्या चौकीदाराकडे गेले, छताच्या कामाची तारीख नक्की करायला. पतंगांचे दिवस होते. तो गच्चीवर अडकलेला मांजा काठीनं काढत होता. छताचं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "और मंगल को बैठते थे, वह लिखा?"

"कौन बैठते थे?"

"सूबेदार साब. अंदर. काम करके बैठते थे बेंच पे."

मी त्याला तीन वेळा विचारलं. आत? हो, आत. उपासनेच्या जागी? हो. कुठल्या बाकावर, ते त्याला नक्की आठवेना. किती वेळा, तेही नाही. तो फाटकावर असतो, आतलं त्याला फारसं दिसत नाही. "माली से पूछो. वह अंदर पानी भरता है." आणि माळी रजेवर गावी गेला होता. फोन लागेना.

मी घरी येऊन त्रेचाळिसावा आकडा घातला आणि पुढे शिसपेनीनं लिहिलं: मंगळवारी चर्चमध्ये बसणं. साक्षीदार एक. दुसरा बाकी.

तुम्ही म्हणाल, यात थांबण्यासारखं काय होतं? मी त्या वेळी असा विचार केला: बाकीच्या बेचाळीस नोंदी कामांच्या आहेत. एखादी इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही. ही नोंद कामाची नाही. हीच ती गोष्ट आहे जिच्यासाठी सिस्टर दोन वर्षं झुरताहेत. ती त्यांना सांगितली आणि माळी म्हणाला, नाही जी, साब तो पंखा उतार रहे थे, तर? एकदा दिलेलं त्यांच्या हातातून काढून कसं घेणार? कागद पूर्ण होऊ दे. माळी महिनाअखेर येतोच आहे.

हा विचार चुकीचा होता असं मला आजही कागदावर सिद्ध करता येत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मंडळाचा तिळगूळ होता. हजेरी झाली. सिस्टर नेहमीप्रमाणे मनगट धरून म्हणाल्या, पण आधी दोनदा श्वास घ्यावा लागला. नंतर चहाचे कप गोळा करताना माझ्याजवळ आल्या.

"किती झाली?"

"बेचाळीस."

"बेचाळीस!" त्यांचा चेहरा असा उजळला की जणू लहान मुलीला कुणी परीक्षेचे मार्क सांगितले. "हट्टी माणूस. मला यातलं निम्मंसुद्धा माहीत नसेल. मग, झाली ना पुरी?"

"एक नोंद पडताळायची राहिलीय."

"कसली?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या बोटांना तीळ चिकटले होते. ओठांवर वाक्य आलं होतं.

"पूर्ण झाली की सांगते," मी म्हटलं.

"बरं. घाई नाही." मग माझ्या गालावर दोन बोटं ठेवून, ताप आहे का ते बघावं तशी, म्हणाल्या, "तू दमलीयस. घरी जा."

तीस तारखेला, गुरुवारी सकाळी, इन्सुलिनवाले आजोबा वाट बघून त्यांच्या घरी गेले. सिस्टर खुर्चीत बसलेल्या होत्या, पायांत बूट, मांडीवर इंजेक्शनांची पिशवी. निघण्याच्या तयारीत. चहा गार झालेला.

भाच्याला नगरहून यायला दीड दिवस लागला. तोपर्यंत मी सगळी व्यवस्था पाहिली: फुलं, गाडी, मंडळींना फोन, पेटीचं माप. यादी मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून बॅगेत ठेवली. शनिवारी सकाळी चर्चमध्ये पेटी उघडी ठेवली होती. सिस्टर पांढऱ्या साडीत, हात पोटावर. लोक रांगेनं दर्शन घेत होते. मी रांगेत मागे उभी राहिले. शेवटी एकटी असताना कागद ठेवावा, पादरीसाहेबांसमोर नको, असा हिशेब. आणि तेवढ्यात मला दारातून माळी दिसला. गळ्यात मफलर, हातात झेंडूची पिशवी.

मी रांग सोडली.

नळाजवळ त्याला गाठलं. "सूबेदार साब मंगल को अंदर बैठते थे?"

"बैठते थे जी," तो म्हणाला, जसं काही हे सगळ्या जयपूरला माहीत आहे. "पंखे-वंखे साफ करके."

"कहाँ?"

"जहाँ सिस्टरजी बैठती हैं. तीसरी बेंच, दीवार की तरफ. जूते बाहर उतारते थे."

"कितनी देर?"

"जितने में मैं दो क्यारी सींच लूँ."

"हर मंगल?"

"गाँव न गया हो तो हर मंगल. सालों से." मग तो हसला. "एक बार मैंने पूछा भी, साब, इतवार को अंदर क्यों नहीं आते? बोले, इतवार को स्कूटर कौन देखेगा."

माझ्याकडे शिसपेन होती. मी फोल्डर नळाच्या कट्ट्यावर ठेवलं, साक्षीदारांच्या रकान्यात दुसरं नाव लिहिलं. दोन साक्षीदार. पूर्ण. मग मधल्या रकान्याकडे लक्ष गेलं. कोणासाठी?

"वह बैठते किसके लिए थे? भगवान के लिए? सिस्टरजी के लिए?"

माळी विचारात पडला. "यह तो मैंने नहीं पूछा जी."

मी आत गेले तेव्हा भाचा पेटीच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू पिळत होता. त्यांना संध्याकाळची गाडी होती. पादरीसाहेबांनी दोनदा विचारलं होतं म्हणे, सबने दर्शन कर लिया? कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण? याद्या ठेवणारी बाहेर नळावर होती.

उघडा म्हणायला माझं तोंड उघडलं. पण काय सांगणार होते मी त्या माणसांना? आणि तिथे, त्या वेळी, कुठल्या भाषेत?

कबरीवर पादरीसाहेब कृपेविषयीच बोलले. आवाज बसला होता त्यांचा. सगळ्यांनी एकेक मूठ माती टाकली. माझ्या उजव्या हातात माती होती आणि डाव्या हातात बॅग. कागद तेव्हाही टाकता आला असता. पण एक रकाना रिकामा होता, आणि सिस्टर म्हणाल्या होत्या, तिथे खोटं चालत नाही. मी माती टाकली.

संध्याकाळी पादरीसाहेबांना मंगळवारचं सांगितलं. त्यांनी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. "उन्हें पता था?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी मराठीतच म्हणाले. त्यांना कळलं.

ज्या बाकावर सिस्टर दर रविवारी सुभेदारांसाठी झुरत बसत होत्या, तिथेच ते वर्षानुवर्षं मंगळवारी बसून गेलेले होते. हे त्यांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिळगुळाच्या दिवशी माझ्याकडे ते वाक्य होतं.

सिस्टरांच्याच म्हणण्याप्रमाणे वर कागद बघणारं टेबल नाही. मग माझ्या हातून राहिलं त्यानं काही अडलं नसेल. सुभेदार आणि त्या कुठल्या तरी बाकावर शेजारी बसून भांडतही असतील, आणि त्यांना या यादीची आठवणसुद्धा नसेल. हे मला पटावं असं फार वाटतं. दिवसातून एक-दोनदा पटतंही. मग ऑफिसात कुणीतरी अर्धवट भरलेला फॉर्म पुढे सरकवतं आणि मी तो परत करते.

गेले तीन रविवार मी सिस्टरांच्या कबरीवर जाते. बेचाळीस नोंदी आता शाईनं स्वच्छ लिहून काढल्या आहेत. एक खुरपंही नेते, कागद मातीत ठेवायला फार खोल खणावं लागणार नाही. तिथे बसते, फोल्डर उघडते, त्रेचाळिसावी ओळ वाचते. काम: मंगळवारी तिसऱ्या बाकावर बसणं, बूट बाहेर काढून. साक्षीदार: चौकीदार, माळी. मधे शिसपेन टेकवते. रकाना रिकामा ठेवून कागद पुढे पाठवायची मला सवय नाही. थोड्या वेळानं फोल्डर बंद करते, खुरपं पिशवीत घालते आणि वहीतल्या पुढच्या रविवारच्या पानावर पुन्हा तेच लिहिते: सिस्टरांना यादी पोचवणे.